जो काटा माझ्याने निघाला नाही

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. बोटभर लांबीचा, वरती वाकवलेला, टोकाकडे निमुळता होत गेलेला असा मी लोखंडी चिमटा आहे. पायातला काटा काढण्यासाठी मला घडवले. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यातल्या शाळेत, मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात मी राहतो. बरीच वर्षे कोणी मला हात लावलेला नाही, त्यामुळे अंगावर गंज चढला आहे. जुन्या वस्तूंना गंज चढला की त्या कुरकुर करतात, आम्हाला आता कोण विचारतो म्हणतात. मी तशी कुरकुर करणार नाही. हा गंज मला प्रिय आहे. तो कसा, तेवढे तुम्हाला सांगतो.

माझा जन्म १९५६ सालचा. रुईच्या गाठी बांधायला जिनमध्ये लोखंडाच्या पट्ट्या वापरतात. तशी एक तुटकी पट्टी मन्सूरचाचा लोहारांच्या हाती लागली. घाटंजीच्या आठवडी बाजारात त्यांचे दुकान म्हणजे एक भाता, एक ऐरण आणि डोक्यावर ताणलेले पोते. त्यांनी मला तापवले, वाकवले, घासले. मग सूर्याकडे धरून माझ्या दोन्ही टोकांच्या मधून पाहिले.

"मधातून उजेड आला नाही पाह्यजे," ते समोर उभ्या असलेल्या बाईला म्हणाले. "उजेड आला का काटा सुटला समजा."

त्यांनी स्वतःच्या मनगटावरचा एक केस माझ्या टोकात धरून उपटला आणि मला त्या बाईच्या हातावर ठेवले. त्या कौसल्याबाई. त्यांचे यजमान मारोती आणि त्या, दोघेही लोकांच्या वावरात मजुरीला जात. घरी एक मुलगी होती, नलू, तेरा वर्षांची.

आमच्या भागात बाभूळ आहे, बोर आहे आणि हिवराचा पांढरा लांब काटा तर फार वाईट. कौसल्याबाईंचा हात हलका होता. सगळ्या वस्तीतली माणसे पाय धरून त्यांच्या ओट्यावर येत. लहान मूल असले की त्या म्हणत, "डोये मीट अन् मले पाच झाडायची नावं सांग." मूल आंबा, चिंच, मोह इथपर्यंत येईतो काटा माझ्या टोकात असायचा. मग त्या मला उजेडात धरून काटा मुलाला दाखवत आणि म्हणत, "पाह्य, कायले रडत होता, एवढुसा तं हाये." लोक माझेही कौतुक करत. कौसल्याबाईचा चिमटा म्हणून मी गावात माहीत होतो.

त्याच वर्षी दसऱ्याला वस्तीतली पंधरा-वीस घरे पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षेला निघाली. यवतमाळपर्यंत सगळी पायी गेली. मी कौसल्याबाईंच्या कनवटीला होतो. त्या वाटेवर मी किती पायांतले काटे काढले, त्याला हिशोब नाही. परत आल्यावर घर तेच होते, पण संध्याकाळ निराळी झाली. दिवेलागणीला तिघेही हात जोडून बसत आणि पंचशील म्हणत. जीवहिंसा करणार नाही, हे त्यातले पहिले शील. दिव्याच्या कोनाड्यातच माझी जागा होती, म्हणून ते शब्द मी रोज ऐकले. मारोतींनी शाळेत मुलीचे नावही बदलून सत्यशीला असे लावले. घरी मात्र ती नलूच राहिली.

माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे ही एवढीच. पुढचे सांगताना मला जड जाते, पण सांगितलेच पाहिजे.

१९६० साली नलू शिक्षिकेच्या ट्रेनिंगला यवतमाळला होती. परीक्षा जवळ आली होती आणि ती सुट्टीत घरी आली. वस्तीतली कोणतीही मुलगी इतकी शिकली नव्हती. येणारा जाणारा म्हणे, "नलूबाई, आमची मान वर कर वं." ती हसून हो म्हणे. एका दुपारी घरात कोणी नसताना तिने मला कोनाड्यातून काढले. डाव्या हातात काहीतरी रुतले आहे असे तिला वाटत होते. मित्रांनो, मला काटा ओळखता येतो. तो टोकाला लागला की मला कळतो. तिथे काटा नव्हता. तिने तरी शोधला. रक्ताचा बारीक थेंब आला आणि क्षणभर तिचा चेहरा वंदना संपल्यावर होतो तसा निवांत झाला. त्या निवांतपणाचीच मला भीती वाटली.

क्षणभराने तो निवांतपणा गेला आणि तिला रडू आले. दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा काढले. यवतमाळला जाताना पिशवीत घेतले. त्यानंतर चार वर्षे मला जेवढे काम पडले तेवढे आधी कधी पडले नव्हते, आणि त्यात एकही काटा निघाला नाही.

ती पास झाली. १९६२ साली आमच्याच खेड्यातल्या शाळेत पहिलीच्या वर्गावर लागली. पहिल्या दिवशी मारोती मजुरी बुडवून शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली उभे राहिले. आत मुलीचा आवाज आला तसे त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मुलांना बाई फार आवडल्या. त्या रागावत नसत, मारत तर मुळीच नसत. पण बाईंच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत असत. वैशाखातसुद्धा.

१९६४ सालच्या उन्हाळ्यात विहिरीवर शेजारच्या कांताबाईंनी ते बोलून दाखवले.

"काय वं नलूबाई, एवढ्या उन्हात लांब बाह्या? मडमीन झाली का काय?"

नलू बादली ओढत होती. दोर खेचताना बाही वर सरकली आणि कांताबाई दोन पावले मागे झाल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की मास्तरीणबाईला रगतपिती आहे. महारोगाला आमच्याकडे तसे म्हणतात. पुढच्या सोमवारी पहिलीच्या वर्गात बेचाळीसपैकी अकरा मुले आली.

मुख्याध्यापक सदाशिवराव स्वतः घरी आले. मोजके बोलणारे गृहस्थ. त्यांनी पाणी मागून घेतले, पेला खाली ठेवला आणि मारोतींकडे न पाहता बोलले.

"मी काही डॉक्टर नाही. पण लोक पोरं धाडत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी रजा धरतो. सुट्टीनंतर बाईंनी तालुक्याच्या डॉक्टरचा कागद आणावा अन् हात दाखवावा. नाही जमलं तर मले वर लिहावं लागेल, मंग नोकरी राहत नाही."

"अन् कागद आनला तं?" मारोतींनी विचारले.

"तर खुर्ची तिचीच आहे."

त्या घरासाठी ही फक्त पगाराची गोष्ट नव्हती. नलू घरी बसली की वस्तीतली दुसरी कोणती मुलगी शाळेची पायरी चढणार, हा प्रश्न होता.

महारोगाची तपासणी करणारे एक साहेब गावोगाव फिरत. महारोगात कातडीला स्पर्श कळेनासा होतो, म्हणून त्यांनी नलूला डोळे मिटायला सांगून कोंबडीचे पीस तिच्या हातावर जागोजागी फिरवले. तिला सगळीकडे कळले. साहेब म्हणाले, "महारोग नाही. बाई, हे तुमचं तुम्हीच करता."

कौसल्याबाईंनी कोनाड्याकडे पाहिले. मी तिथे नव्हतो, नलूच्या कमरेला होतो. त्यांनी मला ओढून घेतले आणि ज्वारीच्या कणगीत तळाशी खुपसले. नऊ दिवस मी त्या अंधारात होतो. मला वाटले, सुटली पोर. नवव्या दिवशी कौसल्याबाईंनीच मला बाहेर काढले आणि जमिनीवर टाकले. "तू नव्हता तरी नखानं केलं तिनं," त्या मला म्हणाल्या. वस्तूशी बोलण्याइतके त्यांचे भान सुटले होते.

मग त्या नलूकडे वळल्या. "तोंड रोज पंचशील म्हन्ते अन् हात हे करते. कसं जमते तुले?"

"मले बी नाही समजत माय," नलू म्हणाली. "मी मनात म्हन्तो नाही करायचं. मंग पायतो तं झालेलं असते."

मित्रांनो, चार वर्षे मी स्वतःला अपराधी समजत होतो. त्या दिवशी मला कळले की जो काटा तिला सलत होता तो तिच्या कातडीत नव्हताच. तो जिथे होता तिथवर माझे टोक पोचत नव्हते.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिले आणि दुसऱ्या इमारतीकडे बोट केले. दारावर काय लिहिले आहे ते कौसल्याबाईंनी एका कंपाउंडरकडून वाचून घेतले आणि त्या दारातच थांबल्या.

"हा येड्यायचा दवाखाना हाये. माही पोरगी येडी नाही."

"नाहीच," आतून एक वयस्क डॉक्टर म्हणाले. "या, बसा. मीही वेडा नाही आणि रोज इथेच बसतो."

त्यांनी नलूला पुष्कळ विचारले. झोप लागते का, जेवण जाते का, रडू येते का, हात कोणत्या वेळी वळतात. तिने मला काढून टेबलावर ठेवले. त्यांनी मला उचलून पाहिले, पण तोंड वाकडे केले नाही. "सुरेख घडवलाय," एवढेच म्हणाले.

नंतर त्यांनी समजावून सांगितले. हा आजार आहे, हट्टाने किंवा मार देऊन थांबत नाही. मनात एक चक्र फिरत राहते आणि हात त्याच्या मागे जातात. मन फार उदास झालेल्या माणसांसाठी एक औषध थोड्या वर्षांपूर्वी निघाले आहे. त्या औषधाने अशा काही रोग्यांच्या हातांनाही विसावा मिळालेला त्यांनी पाहिला होता. "सगळ्यांना मिळतो असं नाही," ते म्हणाले. "मी वचन देत नाही. देऊन पाहू या."

"गोळीनं हात कसा थांबन डॉक्टरसाहेब?" कौसल्याबाईंनी विचारले. "हात काय गोळी खाते?"

"हात नाही खात. हाताला हुकूम देणारा खातो."

कौसल्याबाईंना ते पटले असावे, कारण त्या खुर्चीवर बसल्या. डॉक्टरांनी कागदावर लिहिले, सकाळी एक, रात्री जेवणानंतर दोन. "महिनाभर काही फरक दिसणार नाही. घाबरून मधेच सोडू नका. चक्कर आल्यासारखी वाटेल, पोट साफ होणार नाही, ते पुढे कमी होतं. आणि आई, तुम्ही हिचा हात पाहिला की ओरडू नका. जवळ जाऊन बसा, शेंगा सोलायला द्या. चिमटा लपवू नका, लपवला की ती शोधत राहील. जागेवर राहू द्या."

म्हणून मी पुन्हा कोनाड्यात आलो. माझ्याखाली तो कागद आणि शेजारी विटकरी रंगाच्या गोळ्यांची बाटली.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. नलू उठली की भिंत धरायची. कौसल्याबाई म्हणत, "हे तं बरं करायच्या आंधी आजारी पाडून राह्यलं." पण त्या शेंगांचे सूप घेऊन शेजारी बसत. सहाव्या आठवड्यात एका दुपारी नलू कोनाड्यापाशी आली. तिचा हात माझ्याकडे आला, थांबला आणि शेजारची फणी घेऊन गेला. ती वेणी घालू लागली. मित्रांनो, माझे कौतुक पुष्कळांनी केले, पण मला न उचलल्याचा आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. पुढच्या दिवसांत जुन्या खपल्या गळल्या आणि खालून गुलाबी कातडी आली. मारोती एकदा तिचा हात हातात घेऊन नुसते बसून राहिले.

आणि इथेच ती चूक झाली. ती आळसाने झाली नाही आणि खोटेपणानेही झाली नाही. ती कृतज्ञतेतून झाली.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तीन महिने भिक्षू एका जागी राहतात आणि घरोघर माणसे नेम धरतात. दीक्षा घेऊन आठच वर्षे झाली होती. जुने उपवास सुटले होते आणि नवे नेम लोक जिवापाड जपत होते. उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमेसारख्या व्रताच्या दिवशी दुपारी बारानंतर तोंडात घास घालायचा नाही, हे नलूला ठाऊक होते.

ती म्हणाली, "माय, मी बरी होऊन राह्यली. तं हे तीन महिने रोजच बाराच्या आत एक वेळ जेवू आपन."

कौसल्याबाईंचे डोळे भरून आले. मारोती म्हणाले, "मले वखर हाना लागते बाप्पा, मी दोन डाव जेवीन. पुन्य तुमचं तुमी घ्या."

त्या संध्याकाळी वंदना झाल्यावर नलूने बाटली काढली. मग माझ्याखालचा कागद काढून वाचला. रात्री जेवणानंतर दोन. ती शिक्षिका होती, लिहिलेले तसेच पाळायची तिला सवय होती. रात्रीचे जेवण नाही, मग जेवणानंतरच्या गोळ्या कशा घ्यायच्या? तिने बाटली परत ठेवली. सकाळची एक ती घेत राहिली. खरे सांगायचे तर मलाही त्यात काही चुकीचे वाटले नाही. तिच्या तोंडावर इतके समाधान होते.

भाद्रपद लागेपर्यंत तिची झोप उडाली. बोटे पोलक्याच्या बाहीवरून फिरू लागली, मग बाहीच्या आत गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला उचलले. माझे टोक पुन्हा ओले झाले.

कौसल्याबाईंनी पाहिले तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा राग गोळ्यांवर गेला. "खोट्या निंघाल्या ह्या. नाल्यात टाकतो," म्हणून त्यांनी बाटली उचलली आणि ती खुळखुळली. त्या थांबल्या.

"नले, हे संपत काहून नाही?"

नलूने कागद दाखवला. कौसल्याबाई वाचत नव्हत्या, म्हणून तिने बोट ठेवून सांगितले. त्या भिंतीला टेकून बसल्या.

"मंग सांजच्यानं दोन घास खाय. गोळी घे."

"नेम घेतला ना माय. रोज एक शील तं माह्यानं मोडतेच. आता हे बी मोडू का?"

कौसल्याबाईंनी बाटली परत कोनाड्यात ठेवली. दोघी श्रद्धेच्या बायका होत्या, आणि दिवाळी दोन महिन्यांवर आली होती.

त्या वर्षी घाटंजीला एक भिक्षू वर्षावासाला होते, सगळे त्यांना भन्तेजी म्हणत. भाद्रपद पौर्णिमेला ते आमच्या वस्तीत भोजनदानाला आले. उन्हाने काळवंडलेले, अशक्त, बोलणे अगदी हळू. नलू वाढत होती. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले होते, त्यामुळे वरण सांडले.

"मुली, हात भाजलाय का?"

"नाही भन्तेजी."

"मग झाकतेस कशाला?"

ती खाली बसली आणि तिने सगळे सांगितले. काही लपवले नाही. नेमाचे सांगितले, कागदाचेही. ओट्यावर माणसे होती तरी थांबली नाही. भन्तेजींनी ऐकून घेतले. मग आपल्या झोळीतून एक छोटी बाटली काढून तिच्यासमोर ठेवली.

"मला हिवताप आहे. या गोळ्या मी संध्याकाळी घेतो. मी रोज नियम मोडतो, असं वाटतं का तुला?"

नलूने मान हलवली.

"आजाऱ्याचं औषध जेवणात धरत नाहीत. हे मी माझ्या मनानं सांगत नाही, फार जुनं सांगणं आहे. डॉक्टर म्हणाले पोटात अन्न हवं, तर पेज घे. आजाऱ्याला तेवढी मोकळीक आहे. नेम माणसाला सावरायला असतो."

"अन् पयलं शील?" नलूने विचारले. तिचा आवाज मला कोनाड्यात जेमतेम ऐकू आला. "जीवाले दुखवनार नाही म्हन्तो अन् हे करतो."

"रोज म्हणतेस तेव्हा त्या जीवांत स्वतःला धरतेस का?" भन्तेजींनी विचारले.

"नाही."

"आजपासून धर. अपराध मोजायला नव्हे. दुखणाऱ्या जीवावर आपण दया करतो ना, तशी कर."

मारोतींनी दुसऱ्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांना पोस्टकार्ड घातले. उत्तर आले की एकदम दोन सुरू करू नका, आठ दिवस रात्री एक घ्या, मग दोन. अन्न नसले तरी चालेल, पण गोळी चुकवू नका. नलू संध्याकाळी वंदना म्हणून गोळी घेऊ लागली. कौसल्याबाई तिच्यासाठी वाटीभर पेज करत, आणि आपल्यापुरता नेम त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

पण औषधाला त्याचा वेळ लागतोच. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा हात सुधारले होते, पूर्ण बरे झाले नव्हते. जुने वण पांढरे पडले होते, काही तपकिरी होते आणि कोपराजवळ दोन खुणा ताज्या होत्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी कागद दिला की रोग दुसऱ्याला लागणारा नाही.

निघताना कौसल्याबाई म्हणाल्या, "हे पाह्य, गोळ्यायचं सांगू नको. कातडीचा रोग होता म्हन, मलमानं जाऊन राह्यला म्हन. नाहीतं येडी म्हनतीन. रगतपिती बरी त्याच्यापक्षा."

नलूने मला रुमालात बांधून घेतले.

सदाशिवरावांनी कागद दोनदा वाचला. "संसर्गजन्य नाही. बरं झालं. पण मग काय होतं, ते यात लिहिलं नाही. लोक मले तेच विचारतील."

नलूने बाह्या कोपराच्या वर सरकवल्या आणि हात टेबलावर ठेवले. मग रुमाल सोडून मला त्या हातांशेजारी ठेवले.

"हे मी केलं गुरुजी. याच्यानं अन् नखानं. मनाचा आजार हाये, चार वर्षं झाली. नागपूरच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत. अजून पूर्ण थांबलं नाही. थांबन असं वाटते, पन मी खात्री देत नाही. मलमानं गेलं म्हनलं असतं, तं रोज पोरायसमोर उभी राहून खोटं शिकवल्यासारखं झालं असतं."

मी टेबलावर पडून होतो. मित्रांनो, माझी दोन टोके मन्सूरचाचांनी इतकी नेमकी जुळवली की मधून उजेड जात नाही. त्या वेळी मला वाटले, मी नीट घडलो नसतो तर बरे झाले असते.

सदाशिवरावांनी कागद घडी करून ठेवला. नंतर त्यांनी विचारले, "गोळ्या रात्री घेता?"

"हो."

"सकाळी गुंगी राहते?"

"राहते थोडी. आठ-साडेआठपर्यंत."

"शाळा सातला भरते." त्यांनी भिंतीवरचे वेळापत्रक काढून टेबलावर घेतले, रबराने एक ओळ खोडली आणि पेन्सिलीने नवी लिहिली. "पहिलीचा वर्ग दुपारी भरवू. दुपारची चौथी सकाळी आणून मी घेतो. लोक विचारतील तर मले विचारतील. सांगीन, बाईंचं औषध चालू आहे म्हणून. त्यात काय एवढं."

नलू बाह्या खाली करू लागली.

"राहू द्या," ते म्हणाले. "ऊन आहे." मग माझ्याकडे पाहून विचारले, "हा घरी नेता?"

"इथंच राहू द्या गुरुजी."

त्यांनी खण उघडला आणि मला आत ठेवले.

तेव्हापासून मी इथे आहे. पहिल्या दुपारी पहिलीच्या वर्गात तेरा मुले होती. सदाशिवराव घरोघर गेले. होळीपर्यंत तीस झाली, आणि त्यात कांताबाईंची नातही होती. नलूने गोळ्या दोन वर्षे घेतल्या, मग डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी केल्या. एका वर्षी शाळा-तपासणीच्या दिवसांत हात पुन्हा वळू लागले, तेव्हा तिने ते कोणापासून लपवले नाही. सरळ नागपूरला गेली. वण आहेत, ते जाणार नाहीत. आता वस्तीतल्या सात मुली शाळेत येतात.

माझ्या खणाच्या पलीकडे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे तिचा वर्ग. दुपारी मुले तिच्यामागे अक्षरे म्हणतात, ती मला ऐकू येतात. कधी मधेच तिचा आवाज थांबतो. गोळीने तोंड सुकते, म्हणून सुरुवातीला ती थांबून पाणी पीत असे, आणि पुढे ती सवयच राहिली. पण मला भिंतीपलीकडचे दिसत नाही. त्या थांबण्यात मी घाबरतो. तिचे हात आता कुठे असतील, एवढेच माझ्या मनात येते. मग पेला ठेवल्याचा आवाज होतो आणि ती पुढचे अक्षर म्हणते.

मित्रांनो, पायात काटा रुतला तर जरूर चिमटा घ्या, हलक्या हाताने घ्या आणि नंतर पुसून ठेवा. पण तुमच्यात कोणी भर उन्हात लांब बाह्या घालून बसत असेल, कोणाची बोटे सारखी स्वतःलाच ओरबाडत असतील, तर त्याला हसू नका, आणि हात धरून रागावूही नका. शेजारी जाऊन बसा. सोलायला चार शेंगा द्या. घरातल्या मोठ्यांना सांगा की याला डॉक्टरांकडे न्या, उशीर करू नका. आणि औषध सुरू झाले की रोज हळूच विचारा, आज गोळी घेतली का. आणि तो दुखावलेला जीव तुम्ही स्वतः असाल, तर तुमच्या शिक्षकांना सांगा. सांगताना आवाज कापेल, कापू द्या.

मला कोणी बाहेर काढू नये. मी इथे गंजत असेन तोवर भिंतीपलीकडे अक्षरे चालू आहेत, असे मी धरून चालतो.